फोनवर ५जी, पण फोटो जाईना : गावाला रुंद पट्टा हवा की लांब पोहोचणारा?

वर्धा : कापूस सीसीआयला घालायचा तर आधी मोबाइलवर नोंदणी. सातबाऱ्यावर पिकाची नोंद चढवायची तर वावरात उभं राहून ई-पीक पाहणीचा फोटो. लाडक्या बहिणीचा हप्ता सुरू ठेवायचा तर ई-केवायसी, पीएम किसानला ई-केवायसी, फार्मर आयडीला ओटीपी. २०२५-२६ च्या हंगामात केंद्रानं लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८,११० आणि मध्यम धाग्याला ७,७१० रुपये हमीभाव ठरवला, पण त्या भावाची पहिली पायरी आता बाजार समितीचं गेट राहिलेली नाही. ती ‘कपास किसान’ नावाचं अ‍ॅप झाली आहे. आणि नेमक्या त्या वेळी फोनच्या वरच्या कोपऱ्यात ५जी लिहिलेलं असतं, दांड्या भरलेल्या असतात, अन् कागदाचा फोटो मात्र गोल गोल फिरत राहतो.

गावात याचं उत्तर ठरलेलं आहे : कंपनी फसवते. ते अगदीच खोटं आहे असं नाही. पण या फिरणाऱ्या चक्राच्या मागे एक साधं गणितही आहे, आणि ते समजून घेतलं तर कंपनीला, आमदाराला, ग्रामपंचायतीला नेमकं काय मागायचं हे तरी कळेल. हे गणित आहे चॅनलच्या रुंदीचं.

रुंद म्हणजे वेगवान, हे अर्धंच खरं

मोबाइल असो की वाय-फाय, हवेतला प्रत्येक सिग्नल एका ठरलेल्या पट्ट्यात चालतो. त्या पट्ट्याची रुंदी मेगाहर्ट्झमध्ये मोजतात. जुना २जी फोन ०.२ मेगाहर्ट्झच्या चॅनलवर बोलायचा. ३जीला ५ लागले. ४जी एका चॅनलमध्ये २० पर्यंत जातं. शहरात ज्या ५जीच्या जाहिराती दिसतात ते ३.५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १०० मेगाहर्ट्झपर्यंत रुंद असतं. म्हणजे २जीच्या पाचशेपट. चॅनल रुंद तर एका क्षणात जास्त माहिती जाते, म्हणून वेग वाढतो. जाहिरात इथंच थांबते.

पुढचा भाग ओलित करणाऱ्याला सांगावा लागत नाही. विहिरीवर पाच एचपीची मोटार आहे. तिचं पाणी एका दांडात सोडलं तर ते वावराच्या शेवटच्या सरीपर्यंत जातं. तेच पाणी एकदम चार दांडात सोडलं तर भिजणारी जमीन जास्त दिसते, पण धार पातळ होते आणि अर्ध्यातच जिरते. मोटार तीच, विहीर तीच. रेडिओचं तसंच आहे. फोनमधली किंवा राऊटरमधली ताकद ठरलेली आहे. चॅनल दुप्पट रुंद केला की तीच ताकद दुप्पट जागेत पसरते.

त्यात आणखी एक तोटा. हवेत कायम एक बारीक गोंगाट असतो, काही निसर्गाचा, काही यंत्रांचा. चॅनल जेवढा रुंद तेवढा हा गोंगाट जास्त आत येतो. रुंदी दुप्पट, तर गोंगाटही दुप्पट. २० मेगाहर्ट्झवरून ८० वर गेलं की चौपट. मोकळ्या मैदानाचा हिशोब धरला तर त्याच दर्जाचा सिग्नल मग निम्म्याच अंतरापर्यंत पोहोचतो. भिंती, झाडं, टेकड्या आल्या की गणित थोडं बदलतं, दिशा बदलत नाही : जवळ असेल त्याला रुंद पट्टा फायद्याचा, लांब असेल त्याला अरुंद.

म्हणून टॉवरखाली राहणारा माणूस आणि दोन-तीन किलोमीटरवरच्या वावरात उभा असलेला माणूस एकाच कंपनीबद्दल दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. दोघंही खरं बोलत असतात.

खाली येतं, वर जात नाही

रील चालते पण फोटो जात नाही, ही तक्रार तर जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत ऐकू येईल. त्याचं कारण टॉवरमध्ये कमी आणि हातातल्या फोनमध्ये जास्त आहे. टॉवरचा रेडिओ वीस-चाळीस वॅट किंवा त्याहून जास्त ताकदीनं ओरडतो. ४जी फोनला मात्र साधारण ०.२ वॅटच परवानगी आहे. टॉवरचा आवाज फोनला ऐकू येतो म्हणून दांड्या भरलेल्या दिसतात. फोनचा आवाज टॉवरपर्यंत जातो की नाही हे त्या दांड्या सांगतच नाहीत. दांड्या म्हणजे फक्त येणाऱ्या सिग्नलचं माप.

मग फोन आणि टॉवर एक युक्ती करतात. ४जीचा चॅनल १८० किलोहर्ट्झच्या बारीक तुकड्यांत कापलेला असतो. जवळच्या फोनला टॉवर एकदम कितीतरी तुकडे देतो. लांबच्या, दमलेल्या फोनला मोजकेच देतो, म्हणजे त्याची सगळी ताकद त्या अरुंद फटीत एकवटते आणि आवाज टॉवरपर्यंत पोहोचतो. दांडं कमी करून धार जाड केल्यासारखं. पोहोचतं खरं, पण बारीक धारेनं. तीन-चार एमबीचा फोटो त्या फटीतून जायला वेळ लागतो, आणि तोवर अ‍ॅप कंटाळून ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणतं. खरं तर दोष अ‍ॅप बनवणाऱ्यांचाही आहे. सरकारी अ‍ॅपनं फोटो पाठवण्याआधी लहान केला आणि तुटलेलं अपलोड तुटलं तिथूनच पुढं नेलं, तर अर्धी बोंब आपोआप कमी होईल. त्यासाठी एकही नवा टॉवर लागत नाही.

शहरी ५जीत यावर आणखी एक गाठ आहे. ३.५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येणं आणि जाणं एकाच चॅनलवर पाळीनं चालतं, आणि पाळीचा मोठा वाटा ‘खाली येणाऱ्या’ माहितीला दिलेला असतो, कारण लोक बघतात जास्त, पाठवतात कमी. कालव्याच्या पाण्याची पाळी ज्यांनी पाहिली आहे त्यांना शेवटच्या टोकाच्या माणसाचं काय होतं ते ठाऊक आहे.

लिलावात काय विकलं गेलं

आता पैशाचा भाग. २६ जुलै ते १ ऑगस्ट २०२२ या काळात केंद्राचा ५जीचा लिलाव झाला, १,५०,१७३ कोटींचा. त्यात दोन टोकाचे पट्टे होते. एक ७०० मेगाहर्ट्झचा, अरुंद पण लांब पल्ल्याचा. भिंतीतून आणि झाडीतूनही बऱ्यापैकी पार होणारा. दुसरा ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपासचा, ज्याला सरकारी भाषेत ३३०० चा पट्टा म्हणतात; भरपूर रुंद पण पल्ला आखूड. देशभरासाठी ७०० च्या एका मेगाहर्ट्झची राखीव किंमत होती ३,९२७ कोटी. ३३०० च्या एका मेगाहर्ट्झची ३१७ कोटी. बारा पटीहून जास्त फरक. बाजारपेठेला लागून असलेला अर्धा एकर आणि गावाबाहेरची सहा एकर बरड यांच्या भावात जसा फरक असतो तसा.

हा फरकही कमी झालेला आहे. २०१६ च्या लिलावात ७०० ची किंमत मेगाहर्ट्झमागे ११,४८५ कोटी ठेवली होती. कोणीच घेतला नाही. २०२१ मध्ये किंमत उतरवली, तरी कोणी घेतला नाही. गावापर्यंत पोहोचणारा देशातला सर्वांत चांगला पट्टा पाच-सहा वर्षं सरकारी तिजोरीत पडून राहिला, कारण सरकारला त्यातून मोठी रक्कम हवी होती. या हट्टाची किंमत शहरानं मोजली नाही.

२०२२ मध्ये शेवटी एकट्या जिओनं ७०० चा पट्टा घेतला, देशभरात येण्याचा १० आणि जाण्याचा १० मेगाहर्ट्झ, ३९,२७० कोटींत. शिवाय ३३०० मध्ये १०० मेगाहर्ट्झ. एअरटेलनं ३३०० मध्ये १०० घेतले, ७०० घेतला नाही. व्होडाफोन आयडियानंही ७०० घेतला नाही. बीएसएनएलला लिलावात उतरावं लागलं नाही. जून २०२३ च्या ८९,०४७ कोटींच्या पॅकेजमध्ये केंद्रानं त्यांना ७०० मधले १० आणि ३३०० मधले ७० मेगाहर्ट्झ दिले. जून २०२४ च्या पुढच्या लिलावात तर ७०० ठेवलाच नव्हता.

आता फोनवरच्या ‘५जी’कडे पुन्हा बघा. वर्धा किंवा हिंगणघाट शहरात ते ५जी बहुधा १०० मेगाहर्ट्झ रुंद असेल. टॉवरपासून दूरच्या खेड्यात जिओचं जे ५जी पोहोचतं ते बहुतेकदा ७०० चं, म्हणजे १० मेगाहर्ट्झचं. अक्षर एकच, रुंदी दहा पटीनं कमी. १० मेगाहर्ट्झच्या साध्या ४जी चॅनलचा कागदावरचा सगळ्यात जास्त वेग ७५ एमबीपीएसच्या आसपास असतो. ५जी त्यात थोडी भर घालतं, चमत्कार करत नाही. आणि तो वेग एका फोनचा नाही. त्या दिशेच्या अँटेनाखाली येणाऱ्या सगळ्या वस्त्यांचा मिळून आहे. रात्री आठला पन्नास घरांत व्हिडिओ चालू असतील तर वाट्याला येणारं दीड-दोन एमबीपीएस ही फसवणूक नसून वाटणी आहे. फसवणूक असेल तर ती जाहिरातीत आहे, जी दोन्हींना एकच नाव देते.

एअरटेलनं सुरुवातीला वेगळा रस्ता धरला. त्यांचं ५जी ४जीच्या खांद्यावर चढून चालतं. टॉवरजवळ वेग दांडगा, आणि लांब गेलं की पाठवण्याचं काम ४जीच करतं. म्हणून वावरातून फोटो पाठवताना फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘४जी/एलटीई’ निवडलं तर काही वेळा काम लवकर होतं. फोन मग कमजोर ५जी आणि धड ४जी यांच्यात उड्या मारत बसत नाही. काम झालं की सेटिंग परत करावी.

डोंगर, संत्रा आणि टिनाचं छप्पर

वर्धा जिल्ह्याचं नेटवर्क एकसारखं नसण्याला जमीनही कारण आहे. हिंगणघाट, समुद्रपूर, देवळीकडं काळी सपाट जमीन, एक टॉवर लांबवर दिसतो. आर्वी, आष्टी, कारंजा घाडगेकडं चढउतार, टेकड्या, मधे दऱ्या. सेलू तालुक्यात बोर व्याघ्र प्रकल्पाच्या कडेला जंगल. पानांत पाणी असतं आणि पाणी लहरी पितं. वरच्या पट्ट्याच्या लहरी जास्त पितं. उन्हाळ्यात सागाची पानं गळाल्यावर जिथं नेट चालतं तिथंच पावसाळ्यात बंद पडतं, यामागं जादू नाही. संत्र्याच्या दाट बागेत बारमाही पानं असतात, तिथं हीच गोष्ट बारमाही.

घराचंही तसंच. जुन्या कवेलूच्या घरात सिग्नल वरून शिरायचा. आता वर टिन आहे, आणि धातूचा पत्रा लहरींना आरशासारखा परत पाठवतो. घरकुलाच्या स्लॅबमध्ये लोखंडी सळ्या. मग माणूस ओट्यावर येऊन बोलतो, आणि ओटीपीसाठी म्हातारी आई नीमाच्या झाडापर्यंत चालत जाते.

टॉवरच्या पाठीमागचाही एक चॅनल असतो, तो लोकांच्या लक्षातच येत नाही. जिथं फायबर पोहोचलेलं नाही तिथं एक टॉवर दुसऱ्या टॉवरला गोल तबकडीच्या मायक्रोवेव्हनं जोडलेला असतो. देशात त्या जोडणीचा नेहमीचा चॅनल २८ मेगाहर्ट्झचा. पुढं कितीही रुंद ५जी लावलं तरी मागून येणारी नळी तेवढीच. लिलावात स्पेक्ट्रम घेणाऱ्या कंपन्यांना ७०-८० गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातले २५० मेगाहर्ट्झचे रुंद चॅनल तात्पुरते दिले गेले, पण त्यांचा पल्ला दोन-चार किलोमीटर आणि जोराच्या पावसात ते लटपटतात. रुंद-अरुंदाचा तोच हिशोब इथंही.

भारतनेटचं फायबर याला खरा उपाय आहे. २०११ पासून हे काम चालू आहे, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रानं सुधारित भारतनेटला १,३९,५७९ कोटी मंजूर केले. नव्या आराखड्यात ग्रामपंचायती वर्तुळात जोडायच्या आहेत, म्हणजे एका बाजूनं वायर तुटली तर दुसऱ्या बाजूनं चालावं. रस्त्याच्या खोदकामात तुटलेलं फायबर महिनोन्‌महिने तसंच पडण्याचा अनुभव ज्यांना आहे ते यावर लगेच विश्वास ठेवणार नाहीत, आणि ठेवूही नये. काम दिसलं की ठेवावा.

घरातलं वाय-फाय आणि शेजाऱ्याचा धुरा

फायबर किंवा एअरफायबर घरी आलं की लोकांना वाटतं सुटलो. तिथंही हीच गोष्ट उभी असते, फक्त या वेळी बटण आपल्या हातात असतं.

राऊटरचे दोन पट्टे असतात. २.४ गिगाहर्ट्झचा जुना पट्टा भिंतीतून बरा जातो, पण तो सगळा मिळून ८३.५ मेगाहर्ट्झच आहे. त्यात १ ते १३ क्रमांकाचे चॅनल आहेत, पण ते एकमेकांपासून फक्त ५-५ मेगाहर्ट्झवर आखलेले. प्रत्येकाला २० ची जागा लागते. म्हणजे एकमेकांच्या अंगावर न चढणारे तीनच : १, ६ आणि ११. आता कोणी आपल्या राऊटरला ‘४०’ वर ठेवलं तर तो एकटाच निम्मा पट्टा बळकावतो. धुरा कोरण्यातलाच हा प्रकार. शेजाऱ्याचं नेट बिघडतंच, पण शेजारीही कोरत असेल तर दोघांचंही जात नाही, येतही नाही. त्यातही गंमत अशी की बरेच फोन २.४ मध्ये २० च्या वर जातच नाहीत, त्यामुळे ४० लावून पदरात काही पडत नाही. सावंगी मेघेसारख्या ठिकाणी, जिथं विद्यार्थ्यांच्या खोल्या भिंतीला भिंत लावून आहेत आणि खोलीगणिक राऊटर आहे, तिथं हा पट्टा म्हणजे यात्रेतला भोंगा झालेला आहे.

५ गिगाहर्ट्झचा पट्टा ऐसपैस आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्रानं त्यातले एकूण ६०५ मेगाहर्ट्झ परवान्याशिवाय वापरायला मोकळे केले. तिथं ८० मेगाहर्ट्झचा चॅनल लावता येतो. साध्या फोनला ८० वर कागदी वेग ४३३ एमबीपीएस, तर २० वर सुमारे ८६. त्याच खोलीत बसला असाल तर ८० लावा, काही बिघडत नाही. पण दोन भिंतींपलीकडं, गोठ्याजवळ, मागच्या अंगणात नेट हवं असेल तर ४० किंवा २० लावून पाहावं. वेगाचा आकडा उतरेल आणि नेट तुटायचं थांबेल. बहुतेक राऊटरमध्ये ही सोय वायरलेसच्या सेटिंगमध्ये ‘चॅनल विड्थ’ किंवा ‘बँडविड्थ’ या नावानं असते. गावात ज्या घरी ५० किंवा १०० एमबीपीएसचा प्लॅन आहे तिथं ४३३ चा उपयोग तरी काय? मागून येणारं पाणी तेवढंच.

शाळा आणि ग्रामपंचायतीत तर हे मुद्दाम करायला हवं. एका राऊटरवर तीस मुलांचे टॅब चालवायचे, वर्ग लांब, भिंती जाड, तिथं २.४ वर २० आणि ५ वर ४० ही साधी जोडी पुरते. बसवून देणारा माणूस ‘ऑटो’ ठेवून निघून जातो, आणि ऑटो बरेचदा रुंदच पकडतं.

५ गिगाहर्ट्झच्या या मोकळ्या पट्ट्यावर आणखी एक गर्दी वाढते आहे. तालुक्याच्या ठिकाणाहून खेड्यांना डिश लावून नेट देणारे छोटे ऑपरेटर त्याच पट्ट्यात काम करतात. जिओच्या एअरफायबरच्याही बऱ्याच जोडण्या याच बिनपरवाना पट्ट्यातल्या रेडिओवर आहेत. सगळ्या पट्ट्यात ८० चे चॅनल सहाच बसतात, २० चे मात्र पंचवीसेक. एकाच पाण्याच्या टाकीवर तीन जणांनी आपापल्या डिश ८० वर लावल्या की तिघांचंही गिऱ्हाईक ओरडणार. परवाना नाही म्हणून तक्रारीला दारही नाही. ऑपरेटरांनी आपसात बसून चॅनल वाटून घेणं आणि रुंदी उतरवणं एवढाच मार्ग आहे; जिथं पांदण अडवण्यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणं चालतात तिथं हे सोपं नाही, पण बिनखर्चाचं आहे.

दिल्लीत मात्र सध्या वेगळीच चर्चा आहे. ६ गिगाहर्ट्झचा नवा पट्टा कोणाला द्यायचा? वाय-फायवाल्या कंपन्यांना सगळा हवा, मोबाइल कंपन्यांना सगळा हवा. मे २०२५ मध्ये दूरसंचार विभागानं मसुदा काढला, त्यात खालचे ५०० मेगाहर्ट्झ कमी ताकदीच्या, मुख्यतः घरातल्या वाय-फायसाठी मोकळे करण्याचं ठरवलं. त्यात १६० मेगाहर्ट्झचे तीन चॅनल बसतात. महागड्या नव्या फोनला आणि पुण्या-मुंबईच्या फ्लॅटला ते उपयोगी आहे. एक भिंत ओलांडताना दमणारी ही लहर आहे, आणि गावागावांत डिश लावून नेट देण्याइतकी ताकद त्या मसुद्यात नाही. वर्धेच्या खेड्याला त्याचा फायदा आज फारसा नाही. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जातो, तरी वावरातून कापूस घरी आणायला पांदणच लागते.

२जी बंद झालं तर मोटार कोण चालू करणार?

रुंदीच्या या शर्यतीत सगळ्यात अरुंद चॅनलवर एक टांगती तलवार आहे. जिल्ह्यात विहिरी-बोअरवर हजारो ठिकाणी मोबाइल स्टार्टर लागलेले आहेत. रात्री थ्री-फेज लाइन आली की घरून फोन लावायचा, मोटार चालू. साप-विंचवाच्या अंधारात वावरात जावं लागत नाही. यातले बहुतेक जुने डबे २जी सिमवर चालतात, आणि गंमत म्हणजे जिथं हातातल्या स्मार्टफोनला धड नेट मिळत नाही तिथं हे डबे बिनबोभाट चालतात. कारण तेच : ०.२ मेगाहर्ट्झचा चॅनल, ९०० चा खालचा पट्टा, आणि पाठवायची माहिती नखाएवढी. एवढ्याशा निरोपाला रुंद रस्ता लागतच नाही.

जिओकडं २जी कधी नव्हतंच. २०२४ च्या सुरुवातीला त्यांनी ट्रायला लेखी कळवलं की देशातलं २जी आणि ३जी पूर्ण बंद करावं, म्हणजे तो खर्च वाचेल आणि स्पेक्ट्रम नव्या कामाला येईल. कंपनीच्या बाजूनं पाहिलं तर यात तथ्य आहे. २जी अडकवून ठेवतं तो पट्टाच मुळात लांब पल्ल्याचा आहे, आणि तो ४जीला मिळाला तर खेड्यातलं नेट खरंच सुधारेल. पण एअरटेलनं काय केलं ते पाहण्यासारखं आहे : त्यांनी ३जी बंद केलं आणि त्याहून जुनं २जी ठेवलं. की-पॅडचा फोन आणि असे डबे अजून चालू आहेत म्हणूनच ना?

४जीतही यंत्रांसाठी १८० किलोहर्ट्झची वेगळी अरुंद सोय आहे, तिला एनबी-आयओटी म्हणतात. लांब, जमिनीखाली, लोखंडी पेटीतही पोहोचावी म्हणून मुद्दाम अरुंद केलेली. म्हणजे तंत्र उपलब्ध आहे. ४जी सिमचे स्टार्टरही बाजारात आले आहेत. प्रश्न डबा बदलण्याच्या खर्चाचा आहे. टीव्हीवाल्यांना सेट-टॉप बॉक्स सक्तीचा केला तेव्हा खर्च कोणी केला होता? २जी उद्या बंद करायचं ठरलं तर कृषी पंपांच्या या डब्यांचं काय, हे आधी ठरलं पाहिजे. आतापर्यंत या चर्चेत की-पॅड फोनवाल्या गरिबांचं नाव निघतं, वावरातल्या डब्याचं निघत नाही.

निवेदनात काय लिहावं

गावोगावी ‘आम्हाला ५जी द्या’ अशी निवेदनं जातात. कंपनीच्या नकाशावर त्या गावाला आधीच ५जीचा रंग असतो, मग निवेदन तिथंच संपतं. ट्रायच्या २०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांना आपले नेटवर्कचे नकाशे वेबसाइटवर टाकावे लागतात, पण त्यातला रंग २जी, ४जी, ५जी एवढंच सांगतो. गावात ७०० चं १० मेगाहर्ट्झ आलं की ३५०० चं १००, हे ग्राहकाला त्यातून कळत नाही. नियम बनवणाऱ्यांनी एवढा एक रकाना वाढवला तर ‘५जी’ या शब्दाचं बरंचसं वजन उतरेल.

तोवर गावातल्या एखाद्या पोरानं एवढं करावं. सेल आणि बँड दाखवणारी फुकट अ‍ॅप मिळतात. त्यावर गावात तीन-चार ठिकाणी आणि दोन वावरांत उभं राहून बँड क्रमांक, अपलोडचा वेग आणि वेळ लिहून काढावी, सकाळची वेगळी, रात्री आठची वेगळी. सकाळी चालतं आणि रात्री बंद पडतं असं दिसलं तर पट्टा भरलेला आहे. मागणी त्याच टॉवरवर दुसरा चॅनल किंवा मागचं फायबर अशी करावी. दिवसभर सारखंच वाईट असेल तर टॉवर लांब आहे. मग नवा टॉवर, किंवा ७००, ८५०, ९०० यांपैकी खालचा पट्टा लावण्याची मागणी. या दोन वेगळ्या मागण्या आहेत आणि दोन वेगळ्या माणसांच्या टेबलावर जातात.

बीएसएनएलनं २७ सप्टेंबर २०२५ ला देशी बनावटीच्या ४जीचा मोठा टप्पा सुरू केला. त्यात ७०० चा पट्टा वापरला जातो, त्यामुळे खेड्याला त्याचा उपयोग होण्यासारखा आहे. मात्र सिम बदलण्याआधी फोन तपासावा. ७०० म्हणजे फोनच्या भाषेत बँड २८, आणि बऱ्याच जुन्या, स्वस्त ४जी फोनांत तो नाहीच. अशा फोनला टॉवर शेजारी असूनही हा पट्टा दिसणार नाही. खोक्यावर किंवा कंपनीच्या वेबसाइटवर बँडची यादी असते; त्यात २८ आहे का ते बघून मगच सिम घ्यावं.